उच्चदाब उपकेंद्राच्या विद्युतरोधनाची पावसाळापूर्व तपासणी: टप्प्याटप्प्याने

औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचे उच्चदाब उपकेंद्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडते, तेव्हा त्याचे कारण बहुधा मे महिन्यातच तिथे हजर असते. इन्सुलेटरवर साचलेला थर, ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरणारी हवा कोरडी करणाऱ्या ब्रीदरमधली गुलाबी पडलेली सिलिका जेल, विजेची लाट जमिनीत सोडणाऱ्या अरेस्टरची गंजलेली अर्थिंग पट्टी यांपैकी काहीही कोरड्या हवेत त्रास देत नाही, आणि म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ११, २२ किंवा ३३ केव्ही (किलोव्होल्ट) दाबाने पुरवठा घेणाऱ्या आणि खुल्या यार्डात तेलाचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या कारखान्यांच्या देखभाल विभागाने ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे येथे सांगितले आहे. महाड, रोहा, तळोजा, लोटे अशा कोकणातल्या रासायनिक वसाहतींना ते अधिक लागू पडते, कारण तिथे पाऊसही जास्त आणि हवेत मिसळणारे क्षारही जास्त. प्रत्यक्ष काम परवानाधारक विद्युत ठेकेदार आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक यांच्याच हातून व्हायला हवे.

आधी एक गोष्ट पक्की धरावी. विद्युतरोधन, म्हणजे वीज भलतीकडे निसटू न देणारे इन्सुलेशन, निव्वळ विद्युतदाबाने क्वचितच निकामी होते. २२ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर साधारणपणे १२५ केव्हीची आणि ३३ केव्हीचा १७० केव्हीची विजेची लाट सोसेल अशा बेताने बांधलेला असतो, म्हणजे नव्या यंत्राच्या अंगी भरपूर शिल्लक असते. ती शिल्लक पाणी, मळ आणि उष्णता हळूहळू खात जातात, आणि मग एखाद्या साध्या कडकडाटाचे निमित्त होते. यार्डातले प्रत्येक संरक्षक साधन या शत्रूंपैकी एकासाठी किंवा वरून येणाऱ्या लाटेसाठी शोधलेले आहे. ते कशासाठी आहे हे लक्षात असले, की तपासताना नेमके काय पाहायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

वीज चालू असतानाची पाहणी

शटडाऊन घेण्यापूर्वी दोन कामे उरकावीत. पहिले काम म्हणजे पूर्ण भार चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने सर्व जोड, बुशिंगचे (टाकीतून तार बाहेर आणणाऱ्या रोधक नळीचे) टोक आणि एबी स्विचचे (हवेत उघडणाऱ्या स्विचचे) ब्लेड पाहणे. तीन फेजपैकी दोन सारखे आणि एक गरम दिसला, तर तो जोड यादीत लिहावा. एकट्या आकड्यापेक्षा फेजमधला फरक अधिक बोलका असतो. दुसरे काम पहाटेचे आहे. दव पडलेले असताना यार्डातले दिवे घालवून कुंपणाबाहेर पाच-दहा मिनिटे उभे राहावे. ज्या इन्सुलेटरवर जांभळट ठिणग्या सरकताना दिसतात किंवा तळणीसारखा चरचर आवाज येतो, त्यांचे क्रमांक टिपून घ्यावेत. दुपारच्या कोरड्या उन्हात हेच इन्सुलेटर अगदी निर्दोष वाटतात.

पाहणी करताना जिवंत भागांपासूनचे अंतर सोडू नये. खुल्या यार्डात ११ केव्हीसाठी २.६ मीटर आणि ३३ केव्हीसाठी २.८ मीटर हे किमान अंतर नियमांनीच ठरवून दिलेले आहे.

यार्ड डेड करणे

वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाकडून शटडाऊनची लेखी परवानगी घ्यावी. क्रम नेहमीचाच आहे. आधी लघुदाब बाजूचा भार काढावा, मग उच्चदाब ब्रेकर उघडावा, त्यानंतर एबी स्विच किंवा आयसोलेटर उघडून त्याला कुलूप घालावे आणि ‘माणसे काम करत आहेत’ असा फलक लावावा. किल्ली परमिट घेणाऱ्याच्याच खिशात राहावी. ब्लेड खरोखर उघडली आहेत की नाही, हे तिन्ही फेजवर डोळ्यांनी पाहावे, कारण जुन्या एबी स्विचमध्ये हँडल खाली येते आणि एखादे ब्लेड तसेच अडकून राहते.

इथे हल्ली एक नवा धोका वाढला आहे. छतावरची सौर संयंत्रे आणि डिझेल जनरेटर लघुदाब बाजूने ट्रान्सफॉर्मरला उलटा पुरवठा करू शकतात, आणि ४३३ व्होल्टच्या बाजूने आत शिरलेली वीज दुसऱ्या टोकाला पूर्ण २२ केव्ही होऊन बाहेर पडते. म्हणून लघुदाब मुख्य स्विच बाहेर काढून त्यालाही कुलूप घालावे. ‘सोलर आपोआप बंद होतो’ हे वाक्य खरे असले, तरी त्याच्या भरवशावर माणूस वर चढवू नये.

दाब नसल्याची खात्री डिटेक्टरने करावी. डिटेक्टर आधी चालू लाइनवर तपासावा, मग डेड केलेल्या भागावर वापरावा आणि शेवटी पुन्हा चालू लाइनवर तपासावा. त्यानंतर डिस्चार्ज रॉड लावताना आधी अर्थिंगचे टोक घट्ट बसवावे आणि मगच रॉड फेजला टेकवावा. काढताना याच्या उलट. केबल आणि कपॅसिटर बँक पुरवठा बंद झाल्यावरही विद्युतभार धरून ठेवतात, त्यामुळे त्यांना स्वतंत्रपणे डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नये. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग असेल, तरच ती जागा डेड मानावी.

इन्सुलेटर

१९०७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ह्युलेट आणि हॅरॉल्ड बक यांनी लटकणारा डिस्क इन्सुलेटर पुढे आणला. त्याआधी दाब वाढला की पिन इन्सुलेटर अधिक मोठा करणे एवढाच उपाय होता आणि त्याला लवकरच मर्यादा आली. डिस्कची साखळी हवी तितकी वाढवता येते, हे त्या शोधाचे बळ. पण डिस्क असो वा पिन, खरी लढाई पृष्ठभागावर चालते. कोरडी धूळ किंवा कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही. पहिली भुरभुर पडली की थरातले क्षार विरघळतात आणि पृष्ठभागावरून गळती प्रवाह सुरू होतो. जिथे प्रवाह दाटतो तिथे थर तापून सुकतो, त्या सुक्या पट्ट्यावर सगळा दाब येऊन पडतो आणि ठिणगी त्याच्यावरून उडी मारते. अशा ठिणग्या जोडत जाऊन शेवटी फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे वीज संपूर्ण इन्सुलेटरवरून उडी घेते. मुसळधार पाऊस इन्सुलेटर धुऊन टाकतो, म्हणून त्याची भीती कमी. धोक्याचे असतात ते मृगाचे पहिले शिंतोडे आणि सकाळचे धुके.

पृष्ठभागावरून मोजलेल्या क्रीपेज अंतराचा हिशेब सोपा आहे. फार प्रदूषित जागेसाठी सर्वाधिक प्रणाली दाबाच्या प्रत्येक केव्हीमागे ३१ मिलिमीटर धरतात, जड प्रदूषणासाठी २५. २२ केव्ही प्रणालीचा सर्वाधिक दाब २४ केव्ही, म्हणजे २४ गुणिले ३१, अर्थात ७४४ मिलिमीटर. समुद्राजवळच्या किंवा रासायनिक कारखान्याच्या यार्डात इन्सुलेटर बदलायची वेळ आली, तर खरेदीच्या कागदावर हा आकडा लिहावा. नुसते ‘२२ केव्ही इन्सुलेटर’ असे लिहिले, तर दुकानदार आपल्याला स्वस्तातला देणार, हे ठरलेले.

साफ करताना चिनीमातीचे इन्सुलेटर धागे न सोडणाऱ्या कोरड्या कापडाने पुसावेत, थर हटत नसेल तर ओल्या कापडाने पुसून पुन्हा कोरडे करावेत. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश वापरू नये, कारण झिलई एकदा खरवडली गेली की मळ तिथेच धरू लागतो. पाकळ्यांच्या खालच्या बाजूला बोट फिरवून पाहावे. वरची बाजू पावसाने धुतली जाते, खालची कधीच नाही. केसासारखी बारीक भेग, तुटलेली कड, जळल्याचा काळा पट्टा किंवा टोपीजवळ उकललेले सिमेंट दिसले, तर तो इन्सुलेटर बदलावाच. ‘या वर्षी चालून जाईल’ असे म्हणायची जागा इथे नाही.

सिलिकॉन रबराच्या पॉलिमर इन्सुलेटरची गोष्ट वेगळी आहे. सिलिकॉनचे हलके रेणू साचलेल्या मळाच्या थरातून वर येतात आणि त्या मळालाही पाणी झटकायला लावतात. म्हणून पॉलिमर इन्सुलेटर मळकट दिसला तरी तो वाईट झाला असे नसते. त्यावर पाणी शिंपडून पाहावे. थेंब गोल राहिले तर त्याला न घासता सोडून द्यावे. पाण्याचा पसरट पापुद्रा तयार होत असेल, तर रबराचा गुण गेलेला आहे. चिनीमातीच्या जुन्या इन्सुलेटरवर सिलिकॉनचा लेप देऊनही हा गुण आणता येतो, आणि क्षारांचा त्रास दरवर्षी होत असेल तर हा खर्च करावा.

ट्रान्सफॉर्मरचा श्वास

दिवसा भार आणि ऊन यांनी तेल फुगते, रात्री आकसते. टाकीत १००० लिटर तेल असेल आणि तापमान ४० अंशांनी बदलले, तर आकारमानात सुमारे ३० लिटरचा फरक पडतो. तेवढी हवा कंझर्व्हेटरमधून (वरच्या छोट्या तेलटाकीतून) रोज बाहेर जाते आणि आत येते. आत येणाऱ्या हवेतली ओल अडवणारा एकमेव पहारेकरी म्हणजे ब्रीदर, आणि उपकेंद्रातली सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित वस्तूही तीच.

ब्रीदर पाहताना जेलचा नुसता रंग पाहून पुढे जाऊ नये. निळी जेल ओल धरल्यावर गुलाबी होते. नारिंगी जेल हिरवट किंवा रंगहीन होते, ते उत्पादकाच्या लेबलवर पाहावे; निळ्या जेलमधला कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक मानला जात असल्याने नारिंगी जेल घेणे बरे. रंग कुठून बदलत आला हे महत्त्वाचे आहे. गुलाबी रंग खालून वर चढत असेल, तर हवा तेलाच्या वाटीतून, म्हणजे योग्य मार्गाने येत आहे. तो वरून किंवा एका कडेने उतरत असेल, तर गॅस्केट किंवा पाइपचा जोड गळतो आहे आणि ओली हवा जेलला वळसा घालून आत जाते आहे. अशा वेळी जेल कितीही वेळा बदलली तरी उपयोग शून्य.

खालच्या वाटीत खुणेपर्यंत स्वच्छ ट्रान्सफॉर्मर तेल असावे. वाटी कोरडी असेल, तर जेल उगाचच सतत हवेच्या संपर्कात राहून काही दिवसांत संपते. नवा ब्रीदर बसवताना वाहतुकीसाठी लावलेले झाकण किंवा चिकटपट्टी काढली आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे. ती तशीच राहिली तर ट्रान्सफॉर्मरला श्वासच घेता येत नाही आणि तो मग गॅस्केटमधून वाट काढतो. दोन तृतीयांश जेलचा रंग बदलण्याच्या आत ती बदलावी. पावसाळ्यात ही पाहणी आठवड्याला हवी.

तेल आणि त्यामागचा कागद

तेलाचा नमुना टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हमधून, कोरड्या दिवशी, तेल कोमट असताना घ्यावा. व्हॉल्व्ह बाहेरून पुसून पहिले लिटर-दोन लिटर तेल वेगळ्या भांड्यात सोडून द्यावे. मग कोरडी काचेची बाटली त्याच तेलाने विसळून, नळी तळापर्यंत नेऊन, बुडबुडे न करता काठोकाठ भरावी. नमुना ओलाव्याने बिघडला, तर चाचणी ट्रान्सफॉर्मरची न होता बाटलीची होते. तेलाची पातळी आधीच किमान खुणेवर असेल, तर नमुना काढण्याआधी तपासलेले तेल भरण्याची व्यवस्था करून ठेवावी.

तेल किती विद्युतदाब सोसते हे पाहणाऱ्या बीडीव्ही चाचणीत २.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये दाब सेकंदाला २ केव्ही या वेगाने वाढवतात आणि ठिणगी कधी पडते ते सहा वेळा मोजून सरासरी काढतात. या दाबपट्ट्यातल्या चालू ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची सरासरी ३० केव्हीच्या खाली गेली, तर तेल गाळल्याशिवाय पावसाळ्यात जाऊ नये. अहवालात केवळ सरासरी मागू नये, सहाही आकडे मागावेत. समजा आकडे ५८, ४४, ६१, ३९, ५२, ४७ असे आले. सरासरी ५० केव्ही भरते आणि अहवालावर ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो. पण आकडे इतके विखुरलेले असणे म्हणजे तेलात तंतू किंवा कण तरंगत असण्याची खूण. बीडीव्हीबरोबर आम्लता आणि पाण्याचे प्रमाणही तपासून घ्यावे. आम्लता ग्रॅममागे ०.३ मिलिग्रॅम केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) वर गेली, तर तेल जुने होऊन गाळ धरू लागले आहे आणि साधे गाळणे त्याला पुरणार नाही.

गाळणी यंत्राचा ठेकेदार एका रात्रीत बीडीव्ही ६० केव्हीवर आणून दाखवतो आणि सगळे निश्चिंत होतात. मात्र ट्रान्सफॉर्मरमधले बहुतांश पाणी तेलात नसते, ते वेटोळ्यांवरच्या कागदात असते. कागद टीपकागदासारखा पाणी धरून बसतो आणि तेल कोरडे झाले की हळूहळू ते त्याला परत देतो. म्हणून निर्वात गाळणी ५० ते ६० अंश तापमानाला पुरेसे फेरे देऊन करावी, आणि महिना-दीड महिन्याने बीडीव्ही पुन्हा मोजावा. आकडा पुन्हा झपाट्याने घसरला असेल, तर पाणी कागदात आहे किंवा बाहेरून अजून शिरते आहे.

तेल बदलता येते, कागद बदलता येत नाही. नव्या कागदातल्या सेल्युलोज साखळीची लांबी सुमारे १००० घटकांची असते. ती २०० च्या आसपास आली की कागदाला यांत्रिक बळ उरत नाही आणि बाहेरच्या एखाद्या शॉर्टसर्किटच्या धक्क्याने तो सुटतो. उष्णता हे काम वेगाने करते: साध्या कागदाचे आयुष्य दर ६ अंश वाढीव तापमानाला निम्मे होते, असे आंतरराष्ट्रीय मानकाचे गणित आहे. मे महिन्यात रेडिएटरच्या पाकळ्यांत साचलेला कचरा काढणे हे त्यामुळे विद्युतरोधनाचेच काम आहे, दिसायला ते झाडलोटीचे वाटले तरी.

१००० केव्हीए आणि त्याहून मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी वर्षातून एकदा तेलात विरघळलेल्या वायूंची चाचणीही करावी. हायड्रोजन सूक्ष्म विसर्ग दाखवतो, एथिलीन तापलेले तेल, कार्बन मोनॉक्साइड तापलेला कागद आणि ॲसिटिलीन प्रत्यक्ष आर्क (विजेची मोठी ठिणगी). कॅनडातले मिशेल ड्युव्हाल यांनी १९७० च्या दशकात मांडलेला त्रिकोण मिथेन, एथिलीन आणि ॲसिटिलीन या तिघांच्या प्रमाणावरून दोषाचा प्रकार सांगतो. ॲसिटिलीनचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसला, तर बाकीचे सगळे आकडे चांगले असूनही ट्रान्सफॉर्मर चार्ज करण्यापूर्वी, म्हणजे त्यात पुन्हा वीज सोडण्यापूर्वी, उत्पादकाशी बोलावे.

मेगर

मेगर (विद्युतरोध मोजणारे यंत्र) लावण्यापूर्वी अरेस्टर, केबल आणि न्यूट्रलची अर्थिंग पट्टी सोडवावी, उच्चदाब बुशिंग एकमेकांना जोडावेत, तसेच लघुदाबही. उच्चदाब बाजूसाठी २.५ किंवा ५ केव्हीचा आणि लघुदाबासाठी ५०० व्होल्ट किंवा १ केव्हीचा मेगर वापरून उच्चदाब ते अर्थ, लघुदाब ते अर्थ आणि उच्चदाब ते लघुदाब अशी तीन मापे घ्यावीत. बुशिंगचा पृष्ठभाग पुसूनही आकडा कमी येत असेल, तर त्यावर तारेचे वेटोळे घालून ते मेगरच्या गार्ड टर्मिनलला जोडावे, म्हणजे पृष्ठभागावरची गळती मापातून वगळली जाते आणि आतले खरे चित्र दिसते.

तेलाचे तापमान लिहिल्याशिवाय मेगरचा आकडा निरर्थक आहे. तापमान १० अंशांनी वाढले की रोध साधारण निम्मा होतो. ३० अंशांना २००० मेगओहम दाखवणारे वेटोळे ५० अंशांना ५०० दाखवेल, आणि दोन्ही वेळा ते सारखेच निरोगी असेल. दहा मिनिटांच्या मापाला एक मिनिटाच्या मापाने भागून मिळणाऱ्या निर्देशांकाचे लोक फार कौतुक करतात. फिरत्या यंत्रांसाठी ते ठीक आहे, पण तेलाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मूळ रोध खूप जास्त असताना हा निर्देशांक १.२ आला म्हणून घाबरायचे कारण नसते. गेल्या वर्षीच्या मापाशी, एकाच तापमानावर आणून, तुलना करणे हीच खरी कसोटी. चाचणी संपल्यावर वेटोळे किमान चाचणीइतका वेळ अर्थला जोडून ठेवावे.

बुकहोल्झ रिले

मॅक्स बुकहोल्झ या जर्मन अभियंत्याने १९२१ मध्ये पेटंट घेतलेले हे साधन आजही जवळपास त्याच रूपात वापरले जाते. टाकी आणि कंझर्व्हेटर यांच्यामधल्या, किंचित चढत्या पाइपवर ते बसते. आत सावकाश बिघाड होत असेल, तर वायूचे बुडबुडे वर साचून वरचा तरंगक खाली येतो आणि घंटा वाजते. मोठा आर्क झाला, तर तेलाचा लोंढा खालची झडप ढकलून ब्रेकर पाडतो. बाण कंझर्व्हेटरकडे आहे ना आणि दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे आहेत ना, हे पाहून मग चाचणीचे बटण दाबावे किंवा छोट्या कॉकमधून हवा भरावी. घंटा वाजली एवढ्यावर थांबू नये, ब्रेकर प्रत्यक्ष पडेपर्यंत परिपथ तपासावा. रिले ठणठणीत आणि ट्रिपची बॅटरी मेलेली, असे चित्र फार ठिकाणी दिसते. रिलेच्या टर्मिनल पेटीचे झाकण घट्ट नसेल, तर पावसाचे पाणी आत जाऊन मध्यरात्री विनाकारण ट्रिपिंग होते, आणि त्याला वैतागून कोणीतरी वायर काढून ठेवतो. ती वायर जोडलेली आहे का, हेही पाहावे.

लायटनिंग अरेस्टर

जुन्या अरेस्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या आणि त्यांच्याशी ओळीत हवेच्या फटी असत. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीतल्या मिचिओ मात्सुओका यांच्या १९६० च्या दशकाच्या अखेरच्या कामातून झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर पुढे आला आणि त्यातून फटी नसलेला अरेस्टर घडला. नेहमीच्या दाबाला तो मिलिॲम्पिअरच्या पातळीवरचा प्रवाह जाऊ देतो, लाट आली की हजारो ॲम्पिअर. यार्डात अजून फटींचा अरेस्टर असेल, तर तो बदलण्याची तरतूद याच वर्षी करावी.

अरेस्टर चांगला असून ट्रान्सफॉर्मर जळतो, तेव्हा दोष बहुधा त्याच्या तारेत असतो. एक मीटर तारेचे प्रेरकत्व सुमारे एक मायक्रोहेन्री धरले आणि विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदाला १० किलोॲम्पिअरने चढत असेल, तर त्या प्रत्येक मीटरवर १० केव्ही पडतात. वर दोन मीटर आणि खाली तीन मीटर तार सोडली, तर अरेस्टरच्या स्वतःच्या दाबात ५० केव्हीची भर पडून सगळे ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर येते, आणि त्याची सहनशक्ती मुळात १२५ ची. म्हणून अरेस्टर बुशिंगच्या शक्य तितका जवळ असावा, तार आखूड व सरळ असावी, तिला वेटोळी नसावीत, आणि अरेस्टरची अर्थिंग पट्टी स्वतःच्या इलेक्ट्रोडबरोबरच ट्रान्सफॉर्मरच्या टाकीलाही जोडावी. मीटर टेप घेऊन हे अंतर मोजावे. जमिनीजवळ पट्टी गंजून पातळ झालेली असते, तिथली माती वीतभर उकरून पाहिल्याशिवाय ‘अर्थिंग ठीक’ असे लिहू नये. अर्थ पिटचा रोध मेमध्ये, माती कोरडी असतानाच मोजावा. पावसाळ्यातला आकडा सगळ्यांचाच चांगला येतो.

ब्रेकर आणि केबलची टोके

निर्वात ब्रेकरच्या बाटलीतला निर्वातपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उघड्या संपर्कांवर उत्पादकाने दिलेल्या विद्युतदाबाची चाचणी घ्यावी. एसएफ-६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायूचा ब्रेकर असेल, तर वायूचा दाबमापक पाहावा आणि गळती लगेच दुरुस्त करावी. हवेच्या अडीच-तीन पट रोधक असलेला हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक घातक आहे. केबलच्या टोकांवर पांढरी भुकटी किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा दिसल्या, तर ते टोक कापून नवे करावे, वरून टेप गुंडाळू नये. केबल खंदकाची तोंडे बंद करावीत, पॅनेलमधले हीटर चालू होतात का ते पाहावे.

पुन्हा चार्ज करताना

हत्यारे मोजून परत घ्यावीत, सोडवलेले जोड टॉर्क रेंचने बसवावेत, सर्व तात्पुरती अर्थिंग काढल्याची सही घ्यावी आणि मगच परमिट परत करावे. तेल गाळले असेल, तर आत अडकलेली हवा बुकहोल्झच्या कॉकमधून काढावी आणि चार्ज केल्यावर पहिल्या दिवशी पुन्हा काढावी. अन्यथा घंटा वाजते आणि दोष नसताना धावपळ होते. ट्रान्सफॉर्मर काही तास विनाभार चालवून त्याचा आवाज आणि तेलाची पातळी पाहावी, मग भार टाकावा.

नोंदवहीत प्रत्येक मापाशेजारी तेलाचे तापमान, हवेतली आर्द्रता आणि मेगरचा दाब लिहावा. पहाटेच्या पाहणीत टिपलेल्या इन्सुलेटरच्या क्रमांकांपुढे काय केले ते लिहावे, आणि पहिल्या भुरभुरीच्या रात्री त्याच क्रमांकांकडे कुंपणाबाहेरून पुन्हा पाहून घ्यावे. पुसलेला इन्सुलेटर तेव्हाही चरचरत असेल, तर त्याचे क्रीपेज त्या जागेला अपुरे आहे आणि पुढच्या शटडाऊनमध्ये तो बदलायच्या यादीत गेला पाहिजे.